भोपळा बुडाला त्या वर्षी

माझ्या भावाला पोहण्याच्या तलावावर सगळे भोपळा म्हणायचे. तोंडावर भोपळेसर, पाठीमागे नुसता भोपळा. त्याला दोन्ही चालायचं. शंभरावर चार किलो वजन, टकलावर पाण्याचे थेंब, गळ्यात शिट्टी आणि माणसाच्या आधी दारातून आत येणारं ते पोट. दुसरं काय म्हणणार लोक? मी तिथेच तिकीट खिडकीवर बसायचे, त्यामुळे सगळं माझ्या कानावर यायचं. तो आता नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी बरा झाला असेल अशी आशा लावून कोणी बसायला नको.

दुपारी बायकांची बॅच गेली की तलाव तासभर रिकामा असायचा. तेव्हा तो खोल बाजूला उताणा पडायचा. दोन्ही हात डोक्याखाली, डोळे मिटलेले. हात मारणं नाही, पाय मारणं नाही. नाक, पोट आणि पायाचे अंगठे तेवढे पाण्याबाहेर. आणि झोपायचा हो, खरंच झोपायचा. त्याचं घोरणं त्या पत्र्याच्या छताखाली घुमायचं आणि मी खिडकीतून ओरडायचे, अरे ऊठ, तिकिटाला आलेली माणसं हा आवाज ऐकून पळून जातील. तो एक डोळा उघडायचा आणि म्हणायचा की पाण्याला माझं ओझं होत नाही, तुला का होतंय?

शिकवायची त्याची रीत निराळी होती. दुसरे मास्तर पहिल्या दिवशी काठाला धरून पाय मारायला लावतात. हा आधी तरंगायला शिकवायचा. नवीन माणूस आला की त्याच्यापुढे पाण्याची बादली ठेवायचा आणि दोन संत्री काढायचा, एक सालीसकट आणि एक सोललेलं. यातलं बुडेल कुठलं? सगळे म्हणायचे, सालवालं, ते जड आहे ना. मग हा दोन्ही पाण्यात सोडायचा. सालवालं टुणकन वर यायचं आणि सोललेलं जे तळाशी जायचं ते तिथेच बसायचं. साल म्हणजे बारीक बारीक हवा भरलेली, तीच त्याला धरून ठेवते. मग भाऊ सांगायचा की पाणी तुमचं वजन विचारत नाही. ते वजन किती जागेत कोंबलंय, एवढंच विचारतं. तेवढ्याच जागेतल्या पाण्यापेक्षा तुम्ही हलके असलात तर पाणी उचलून धरतं, जड असलात तर सोडून देतं. चरबी पाण्याहून हलकी, हाडं आणि स्नायू पाण्याहून जड, आणि छातीत भरलेला श्वास सगळ्यात हलका. एवढं झालं की दोन्ही संत्री तोच मटकावायचा.

एकदा बँकेतल्या एक बाई आल्या होत्या, अंगानं चांगल्या भरलेल्या. पायरीवर बसून रडायला लागल्या, मी बुडेन म्हणून. भावानं त्यांना सांगितलं, बाई, तुम्ही बुडून दाखवा, मी आज नोकरी सोडतो. त्या बिचाऱ्या खाली जायचा प्रयत्न करून थकल्या, पाणी काही त्यांना आत घेईना. शेवटी त्यांनाच हसू फुटलं. जाडजूड माणसांचा त्याला फार कळवळा होता. जगात कुठेही जा, लोक तुम्हाला तुमचं वजन ऐकवतात, एक पाणीच काय ते ऐकवत नाही, असं तो म्हणायचा.

आता तलावावरची एक चाल सांगायला हवी, कारण सगळं तिच्यापाशीच येऊन अडतं. वर्षातून एकदा तलाव रिकामा करून घासतात. पाणी काढून टाकण्याआधी सगळे मास्तर आणि तिथले शर्यतवाले खोल बाजूला उतरायचे, छातीतला श्वास पार सोडून द्यायचे आणि अंग ढिलं टाकून पडायचे. जो पहिला तळाला जाईल तो त्या वर्षीचा दगड. जो शेवटपर्यंत वर राहील तो भोपळा. दगडानं काठावर बसून चहा प्यायचा, भोपळ्यानं तळाच्या फरश्या घासायच्या. ऐकणाऱ्याला ही थट्टा वाटेल. पण शर्यतीच्या माणसाच्या अंगावर चरबी नसते, सगळं हाड आणि स्नायू, त्यामुळे श्वास सोडला की तो बुडतोच. आमच्याकडे बुडणं ही अब्रूची गोष्ट होती.

आणि माझा भाऊ ऐन उमेदीत दरसाल दगड असायचा. शिडशिडीत होता, खांदे असे की शर्ट शिवताना शिंप्याच्या नाकी नऊ यायचे. लांबच्या शर्यतीत त्याला गाठणारा कोणी नव्हता. मग एका सरावात खांदा निखळला, तो पुन्हा नीट बसला नाही. शर्यती गेल्या, मास्तरकी आली, लग्न झालं, पोट आलं. वीसेक वर्षं तो दरसाल फरश्या घासत होता. शिट्ट्या वाजवत, पोरांना चिडवत घासायचा, बघणाऱ्याला वाटावं याच्याएवढा सुखी कोणी नाही. त्या दिवशी घरी मात्र जेवायचा नाही. अंग आंबलंय म्हणायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडायचा. मला ते दिसायचं आणि जीव तुटायचा.

घरात आम्ही तिघं. त्यांना मूल झालं नाही आणि मी लग्न केलं नाही. माझी भावजय मला अजून वन्सं म्हणते, असं म्हणणारी ती गल्लीत शेवटचीच असेल. मी तिच्याशी कधी गोड बोलले नाही. मीठ जास्त पडलं तर जास्त पडलं म्हणायचं, कमी पडलं तर कमी. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं भाऊच मला म्हणायचा. ती ऐकून घ्यायची, उत्तर द्यायची नाही, आणि पुढच्या वेळी मीठ बरोबर पडायचं. त्यामुळे मला तिचा आणखी राग यायचा.

भावाचा रक्तदाब वाढला तेव्हा तिनं त्याच्या जेवणाचा ताबा घेतला. उकडलेल्या भाज्या, तेल चमच्यानं मोजून, साखर बंद, तळण बंद. हा घरी निमूट खायचा आणि तलावाबाहेरच्या गाडीवर उभा राहून तळलेलं हाणायचा. मी खिडकीतून बघायचे. वजनाचा काटा माझ्या खिडकीपाशीच होता. महिन्यातून एकदा भावजय यायची, त्याला काट्यावर उभं करायची, आकडा बघायची आणि न बोलता जायची. कितीतरी वर्षं तो आकडा जागचा हलला नाही.

आणि एका वर्षी हलला. आधी दोन किलो गेले, मग तीन, मग महिन्याला चार. हा ताटातलं अर्धं ठेवून उठायचा, पोट भरलं म्हणायचा. गाडीकडे ढुंकून बघेना. वरच्या मजल्यावर शिवणवाली राहते, तिनं त्याच्या पँटी दोनदा आत घेतल्या. भावजयीचा चेहराच बदलला. लग्न झाल्यापासून मी तिला इतकी बोलताना पाहिली नव्हती. शेवटी मनावर घेतलं त्यांनी, म्हणायची. भाजी बदलून बदलून करायची, जिऱ्याची, लिंबाची, आल्याची. आणि मीही एकदा म्हटलं होतं, बरी झालीय आज. ती दिवसभर गुणगुणत होती.

एका दुपारी भावानं मला खिडकीतून हाक मारली. तिकिटं टाकून ये म्हणाला. मी काठावर गेले. तो उताणा पडला, हात अंगालगत घेतले आणि श्वास सोडला. आधी टाचा गेल्या, मग गुडघे, मग ते पोट, आणि बघता बघता पाणी त्याच्या नाकावरून मिटलं. खाली निळ्या फरशीवर तो स्वस्थ पडलेला दिसत होता. वर आला तो हसतच.

"अक्का, गेलो ना खाली?" म्हणाला. "वीस वर्षांनी गेलो बघ."

त्या वर्षी तलाव घासायच्या दिवशी भावजयीला मुद्दाम बोलावलं होतं. चपला हातात घेऊन ती ओल्या काठावर उभी होती. शिट्टी झाली आणि पोरसवदा मास्तर अजून वर असतानाच आमचा भोपळा सरळ तळाला गेला. काय तो आरडाओरडा! पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं, काठावर बसवलं, टॉवेल पांघरला, चहा हातात दिला. पाणी सोडून तलाव रिकामा झाला, पोरं तळाला घासत बसली आणि हा वरून त्यांना डाग दाखवत होता, तो कोपरा राहिला, तिथे नीट घास. भावजय टाळ्या वाजवत होती. चहा त्यानं दोन घोटच घेतला हे माझ्या लक्षात आलं, पण म्हटलं आनंदानं जात नसेल.

दुसऱ्या कुठल्या घरात माणूस असा झडला असता तर त्याला डॉक्टरकडे पळवलं असतं. आम्ही टाळ्या वाजवल्या. पाण्यात जन्म काढलेल्या माणसांखेरीज असली चूक कोणी करणार नाही. बुडतोय म्हणजे अंग कमावलंय, हे आमच्या हाडीमाशी इतकं मुरलेलं होतं की एकाच्याही मनात दुसरं काही आलं नाही.

मग एक दिवस त्याला शिडी चढून पाण्याबाहेर येता येईना. काठावर येऊन ओकला. भावजयीला उगाच घोर नको म्हणून तो मला घेऊन डॉक्टरकडे गेला. तपासण्या झाल्या, नळी घालून पोट बघितलं, आणि आठवड्यानं पुन्हा बोलावलं. डॉक्टर तरुण होते, सभ्य होते. वजन कधीपासून उतरतंय, त्यांनी विचारलं. भाऊ ताठ बसला आणि म्हणाला, अठरा किलो उतरवलं बायकोनं, वर्षही लागलं नाही. डॉक्टरांनी हातातला कागद खाली ठेवला. मग त्यांनी सांगितलं की जठरात गाठ आहे, भूक तिनं मारली आहे आणि वजनही तिनंच खाल्लं आहे. आता ती यकृतात पोचली आहे. वजन उतरायला लागलं तेव्हाच आला असतात तर बहुतेक कापून काढता आली असती, हेही त्यांनी सांगितलं. मीच विचारलं होतं ते. मला विचारल्याशिवाय राहवत नाही.

बाहेर बाकावर आम्ही बसलो. माणसं येत होती, जात होती, समोर एक नर्स कुणाला तरी लिफ्ट कुठे आहे ते सांगत होती. मला वाटलं तो रडेल. तो म्हणाला, "तिला हे सांगायचं नाही."

मी भडकले. म्हटलं, पोटातला कॅन्सर काय खिशात घालून फिरणार आहेस?

"आजार सांगू. वजनाचं सांगायचं नाही. वजन तिनं उतरवलं, आजार मागाहून आला. एवढंच." मग म्हणाला, "रोज ताट पुढे ठेवून ती माझ्याकडे बघायची अक्का. तेव्हा काय चाललं होतं हे तिला कळलं, तर ती स्वयंपाकघरात पाऊल टाकणार नाही पुन्हा."

मी म्हटलं, मला खोटं बोलता येत नाही, आणि तिच्याशी तर मी आयुष्यात कधी खोटं बोललेले नाही.

"म्हणूनच तू सांग. मी सांगितलं तर ते मन राखायला वाटेल. तू तिचं मन कधी राखलेलं नाहीस. तुझं ती खरं मानेल."

गेले घरी आणि सांगितलं. आजार नवा आहे, झपाट्यानं वाढणारा आहे, आधी कळण्यासारखा नव्हता, असं सगळं एका दमात म्हटलं. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मानलं.

त्यानंतरचे महिने सांगवत नाहीत. ती आता उलट स्वयंपाक करायला लागली, लोणी, साय, मलई, जे जे वर्षानुवर्षं बंद केलं होतं ते सगळं. त्याच्या घशाखाली चमचाभर उतरायचं नाही. एकदा भांडी घासता घासता मला म्हणाली, मी त्यांना एवढं बारीक करायला नको होतं वन्सं, अंगात काही उरलं असतं तर झुंजले असते. म्हणजे खोटं सांगूनही टोचायचं ते टोचलंच. मी लगेच फटकारलं, डॉक्टर म्हणालेत वजन कमी होतं म्हणून औषध तरी सोसलं, जाड असता तर तेही झालं नसतं. डॉक्टर असलं काही म्हणाले नव्हते. तोवर मला खोटं बोलणं जमायला लागलं होतं.

एकदा त्यानं हट्ट धरला, पाण्यात न्या म्हणून. दुपारच्या रिकाम्या वेळी दोन मास्तरांनी त्याला धरून उथळ बाजूला उतरवलं. मी काठावर होते. कमरेएवढ्या पाण्यात त्यांनी त्याला आडवा धरला आणि तो म्हणाला, सोडा. त्यांनी हात काढले. त्यानं छाती भरायचा प्रयत्न केला, पण श्वास आत जाईना. पाय लगेच खाली गेले, मागोमाग तोही निघाला. पोरांनी झटकन उचलला. कोणी दगड म्हटलं नाही. एक मास्तर कपडे बदलायच्या खोलीत गेला आणि सगळे नळ सोडून आत बसून राहिला. भावानं घरी येताना रिक्षात माझा हात धरला होता, लहानपणी धरायचा तसा.

थंडी संपता संपता तो गेला. घरातच गेला, आम्ही दोघी जवळ होतो.

पुढे कितीतरी दिवस भावजय फक्त चहा करायची. मी बाहेरून काही आणायचे, ते दोघी खायचो. मी एकदाही मिठाबद्दल बोलले नाही. घर इतकं गप्प झालं होतं की मला माझ्याच चपलांचा आवाज खुपायचा. मग एक दिवस वरची शिवणवाली आली. तिचे गुडघे गेले होते, वजन उतरव म्हणून डॉक्टर मागे लागले होते. तिनं भीतभीतच विचारलं, तुमच्या ह्यांना जे करून घालत होतात ते मला सांगाल का? मला वाटलं आता भावजय रडणार. पण ती उठली आणि भाजी चिरायला बसली. दुसऱ्या दिवसापासून दोन वेळचा डबा वर जायला लागला. जिऱ्याची, लिंबाची, आल्याची. डब्याच्या निमित्तानं आमच्या घरातही पुन्हा चूल पेटली. ती डबा भरून झाकण लावायची आणि मला विचारायची, वन्सं, चव बघता का?

शिवणवालीचं वजन उतरायला लागलं. मी मान्य करते, मला ते बघवेना. काही महिन्यांनी एका सकाळी ती जिन्यात भेटली. ब्लाउजच्या बाह्या सैल, गळ्याखालची कातडी लोंबलेली, आणि तोंडभर हसू. मी तिथेच म्हटलं, आज डॉक्टरकडे चल. ती हसायला लागली. मी जिन्यात अशी ओरडले की शेजारची दारं उघडली. पोट तपासून घे, सगळं तपासून घे, मी येते बरोबर. आणि नेलीच तिला ओढत. काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, प्रकृती उत्तम, पाच किलो उतरलंय, हाच आहार चालू ठेवा. माझा जीव भांड्यात पडला. शिवणवालीनं मात्र हा सगळा तमाशा खाली येऊन भावजयीला साग्रसंगीत सांगितला असणार.

कारण त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात गेले तेव्हा ती ओट्यापाशी पाठमोरी उभी होती, आणि तशीच पाठमोरी बोलली.

"वन्सं, तिचं पाच किलो उतरलं तर तुम्ही तिला हाताला धरून डॉक्टरकडे नेलंत."

मी म्हटलं, वय झालंय तिचं, काळजी घेतलेली बरी.

"जेवण तेच. माप तेच. महिनेही जवळजवळ तेवढेच." तिनं सुरी खाली ठेवली आणि वळली. "तिचं पाच उतरलं. ह्यांचं अठरा. मग वरचं तेरा कुणी नेलं?"

उत्तरं माझ्यापाशी तयार होती. पुरुषांचं भराभर उतरतं, तो दिवसभर पाण्यात असायचा, त्याची हाडापेराची ठेवणच वेगळी. एवढ्या महिन्यांत मी काय कमी बोलले होते? तोंड उघडलं आणि नुसतं रडू फुटलं. भाऊ गेला तेव्हाही मी तिच्यासमोर रडले नव्हते. तिनं गॅस बंद केला, खुर्ची ओढली, मला बसवलं, पाणी दिलं.

"त्यांनीच सांगितलं होतं ना, मला कळू द्यायचं नाही म्हणून?"

मी हो म्हणून मान हलवली.

तिनं एक हात माझ्या खांद्यावर ठेवला. मग म्हणाली, "तर मग मला कळलेलं नाही. त्यांचं एवढं एक राहू दे."

आणि तिनं पुन्हा गॅस पेटवला, कारण डबा वर जायची वेळ झाली होती.

दुसऱ्या दिवशी शिवणवाली रिकामा डबा घेऊन आली तेव्हा तिच्याबरोबर तिची मैत्रीण होती, तिलाही हेच जेवण हवं होतं. खरंच गुण येतो का हो, ती विचारत होती. भावजय म्हणाली, माझ्या ह्यांचं अठरा किलो उतरवलं होतं मी. मैत्रिणीनं खात्री करून घ्यायला माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, हो, हिच्याच हातचं खाऊन उतरलं, मी स्वतः बघितलंय.